जिथं पाटी लावली नाही

माझं सगळं काम साडेतीन इंच बाय दोन इंचात चालायचं. शालिमारजवळच्या एका छोट्या ऑफिसात बसून मी व्हिजिटिंग कार्डं करायचे. सातपूरचे कारखानदार, द्राक्षं परदेशी पाठवणारे, वकील, नुकताच दवाखाना टाकलेले डॉक्टर. तेवढ्या जागेत अख्खा माणूस बसवायचा, त्याचं नाव किती मोठं, हुद्दा किती बारीक, कुठे कोरं सोडायचं, यात माझे दिवस जायचे आणि मजेत जायचे.

अशाच एका डॉक्टरांचं कार्ड मी केलं. ते एका ट्रस्टच्या रुग्णालयाचं व्यवस्थापन बघत होते. कार्ड हातात घेऊन म्हणाले, "मॅडम, छान झालंय. आता आमच्या हॉस्पिटलचंही एक कार्ड करा. चार मजल्यांचं आहे."

रुग्णालयाला मागून एक नवी इमारत जोडली होती आणि त्यात पेशंट हरवायचे. त्यांना पाट्यांची नवी योजना हवी होती. मी इतकं मोठं काम कधीच केलं नव्हतं, पण हो म्हणाले. महिनाभर राबले. सुबक अक्षर निवडलं, करडा आणि मोरपिशी रंग घेतला, नेमके बाण काढले. मग कागदावर छापून सगळ्या पाट्या तात्पुरत्या चिकटवल्या आणि लोक कसे वाचतात ते बघायला दाराशी उभी राहिले.

कुणी वाचल्याच नाहीत.

माणसं आत यायची, क्षणभर थांबायची आणि सरळ उजवीकडच्या स्टुलाकडे जायची. तिथे एक मावशी बसायच्या. निळी साडी, कमरेला किल्ल्या, पन्नाशी ओलांडलेली. मूळच्या सटाण्याच्या. वॉर्डात कामाला होत्या. गुडघे दुखायला लागले म्हणून त्यांना दाराशी बसवलं होतं. सुरुवातीला मला त्यांचा रागच आला. माझ्या पाटीखाली बसून त्या पाटीवरचंच सांगत होत्या!

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी बाकावर त्यांच्याजवळ बसले. तेवढ्यात एक जोडपं आत आलं. त्यांनी तोंड उघडायच्या आधी मावशी म्हणाल्या, "तठे जा दादा, निळी भिंत शे ना, तठेच."

"तुम्हाला कसं कळलं त्यांना कुठे जायचंय?"

"बाईच्या हातात भरलेली पाण्याची बाटली होती ना? थांबून थांबून घोट घेत होती. सोनोग्राफीला आलेली बाई अशीच येते."

"आणि ते अहिराणी बोलतात हे?"

"दारात चपला काढताना भांडत होते की दोघं!" मावशी हसल्या.

मी दुसऱ्या दिवशी वही घेऊन आले. तिसऱ्याही. त्या काय सांगतात ते लिहीत गेले आणि लिहिता लिहिता माझा हात थांबायला लागला. त्या डावं-उजवं कधीच म्हणायच्या नाहीत. घाबरलेल्या माणसाला डावं-उजवं सुधरत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या भिंतीचा रंग सांगायच्या, पाण्याची टाकी सांगायच्या, औषधाचा वास सांगायच्या. सुरगाण्याकडून आलेल्या म्हाताऱ्याशी त्या आवाज खाली आणून, एकेक शब्द सुटा करून बोलायच्या. अस्थिरोग विभाग त्यांच्या तोंडी कधी आला नाही, "हाडांचे डॉक्टर". पॅथॉलॉजी नाही, "रक्त-लघवी तपासायची खोली". एकदा जिन्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ताई, तुमची पाटी खाली लावलीय. माणूस खाली नाही बघत, दोन पायऱ्या चढतो, मग वाटतं चुकलो की काय, आणि मग वर बघतो." मी तासभर जिना बघत बसले. एकामागून एक माणूस दुसऱ्या पायरीवर थांबून वर बघत होता. इतकी वर्षं मी अक्षरांमधल्या मोकळ्या जागा मोजत आले होते, आणि ही बाई माणसांच्या मनातल्या मोजत होती.

मी रात्री बसून सगळा कच्चा आराखडा नव्याने केला. चौथ्या दिवशी तो मावशींपुढे ठेवला. "वाचता येतं मला, सातवी झालेय," म्हणत त्यांनी चष्मा लावला आणि बोट फिरवत फिरवत एका बाणावर थांबल्या.

"ही पाटी नको."

तिथे मी लिहिलं होतं, शवागार.

"मावशी, नियमाप्रमाणे प्रत्येक खोलीला..."

"तिथं कुणी पाटी वाचत जात नाही, ताई. तिथं आम्ही नेतो."

मी काही बोलणार, एवढ्यात आतून एक तिशीचा माणूस आला. मालेगावचा, यंत्रमागावर काम करणारा. त्याचे वडील सकाळी वॉर्डात वारले होते आणि त्याला त्यांच्याजवळ जायचं होतं. चार दिवसांत पहिल्यांदा मावशी स्टुलावरून उठल्या. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि त्याचं कोपर धरलं. मी मागून चालत राहिले. त्या त्याच्याच चालीने चालत होत्या. तो थांबला की थांबायच्या. लांब बोळात तो एकदम म्हणाला, "अब्बा को ऊँचा सुनाई देता था. मशीन के आवाज से. जिंदगीभर चिल्ला के बात की मैंने उनसे."

मावशींनी त्यांच्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "अब हळू बोलो बेटा. सुनेंगे वो."

दार उघडून त्यांनी त्याला आत सोडलं आणि स्वतः बाहेर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, तो परत येईपर्यंत. मीही उभी राहिले. मला त्या बाईपुढे माझं सगळं शिक्षण हातात धरून उभं असल्यासारखं वाटत होतं, आणि ते ठेवायला जागा नव्हती.

पुढच्या महिन्यात पाट्या लागल्या. ठळक अक्षरं, रंगीत दारं, रोजच्या बोलण्यातले शब्द, आणि जिन्यावर दुसऱ्या पायरीवरून दिसेल अशी एक. डॉक्टर सगळीकडे फिरून आले आणि बोळाच्या तोंडाशी थांबले.

"इथली एक राहिली की."

मी त्यांना मावशींचं म्हणणं सांगितलं. त्यांनी त्या कोऱ्या भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बाकीच्या शिफ्टलाही नेण्यासाठी कुणीतरी नेमायला हवं." आणि पुढे गेले.

काही महिन्यांनी मी आईला एक्स-रेसाठी तिथे घेऊन गेले. लोक आपापले वर बघत, वळत, जात होते. मावशी स्टुलावर मेथी निवडत होत्या. मी जरा धास्तीनेच विचारलं, "आता कुणी विचारत नसेल ना तुम्हाला?"

"विचारतात ना! पाटी वाचतात, आणि मग मला येऊन विचारतात, बरोबर वाचलं ना म्हणून." त्यांनी आईकडे पाहिलं, तिचा दुखरा हात पाहिला, आणि मेथी बाजूला ठेवून म्हणाल्या, "बसा आधी आक्का. एक्स-रेला आत्ता रांग आहे."