बैलाच्या गाठीत सापडलेलं ॲडेनीन

"पुढं ये. बैलाचं स्वादुपिंड कुठं असतं, फळ्यावर दाखव. तुझ्या घरचाच विषय आहे."

सर असं म्हणाले आणि वर्ग हसला.

नगरचं कॉलेज. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, सत्तरनंतरचा काळ. सर ॲडेनीन शिकवत होते. आईबापाचं पोरात उतरतं ते ज्या रेणूंतून, त्यातल्या एकाचा हा तुकडा. तो पहिल्यांदा मिळाला बैलाच्या स्वादुपिंडातून. माझा बाप कोल्हारकडं मेलेली जनावरं सोलायचा. आतडी धुवायला आईबरोबर मी प्रवरेवर जायची. जठरामागची ती फिकट, दाणेदार गाठ मी हातात धरलेली.

मी गेले. फळ्यावर ती गाठ काढली. बरोबर काढली.

"बघा," सर म्हणाले, "असलं ज्ञान रक्तातच असावं लागतं."

पुन्हा हसले. मी बाकावर येऊन बसले. खाली बघत. स्वतःच्या हाताची लाज वाटली मला. बापाचीही वाटली. ते जास्त वाईट.

पुढं लायब्ररीत एका मासिकात लेख सापडला. डिक्शनरी घेऊन तीनदा वाचला. हायड्रोजन सायनाइड, म्हणजे जहर. ते अमोनियाच्या पाण्यात काही दिवस तापवलं, तर त्यात थोडं ॲडेनीन तयार होतं. जहराचे पाच रेणू, एक ॲडेनीन. मी वहीत अणू मोजले. बरोबर जमले. पृथ्वीवर जीवच नव्हता, तेव्हाही हे असंच घडलं असेल, असं लिहिलं होतं. तेव्हा बैल नव्हता. सोलणारा नव्हता. सोलायला लावणाराही नव्हता.

सेमिनारला मी हेच मांडलं. शेवटी म्हणाले, "हे माझ्या बापाच्या रक्तात आहे. तुमच्याही आहे, सर. एकच. अणू मोजलेत मी. जातीला जागा शिल्लक नाही."

"खाली बस."

"आधी ते रक्ताचं वाक्य मागं घ्या."

कुणी हसलं नाही. कुणी माझ्या बाजूनं बोललंही नाही.

सरांनी माझ्या जर्नलवर सही केली नाही. सही नाही तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही. "माफी लिहून आण," एवढंच बोलले.

आबांना, माझ्या बापाला, कळलं. एस.टी.नं आले. कॉलेजच्या व्हरांड्यात चपला काढून उभे.

"माग माफी, पोरी. आपलं काय जातंय? तुला जमत नसंल तर म्या पडतो सायबाच्या पाया."

"आबा, तुमी न्हाई पडायचं."

"वरीस जाईल तुझं."

"जाऊ द्या."

त्यांनी चपला घातल्या. स्टँडपर्यंत माझ्यापुढं चालत राहिले. वर्ष गेलं. आई वर्षभर नीट बोलली नाही. माझ्याबरोबरच्या मुली पास होऊन गेल्या.

जूनमध्ये मी पुन्हा त्याच वर्गात नाव घातलं. सर हजेरी घेत होते. माझ्या नावाशी थांबले.

"परत आलीस? माफी आणलीस का?"

मी उभी राहिले. या वेळी खाली बघितलं नाही.

"नाही. या वर्षी नाही, पुढच्याही नाही. हजेरी मांडा, सर."