कोपऱ्यात सैल भरलेली रुई

नांदुऱ्यात गाद्या भरणाऱ्या एका मावशींनी मला सावरलं, हे आधी लिहून टाकतो. नाहीतर मी माझ्या सुतारकामाचंच सांगत बसेन आणि त्या राहून जातील.

मी मालवणकडचा. आठवीत शाळा सुटली, रंधा हातात आला, आणि काम शोधत इतक्या लांब आलो. इथलं माझं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे एका निवृत्त मास्तरांची गाणं ऐकायची खोली. गाणं लावलं आणि डग्ग्यावर थाप पडली की तिथं असा घुमारा उठायचा की गाणाऱ्याचे शब्दच बुडायचे. मी भिंतीभर पातळ फोम चिकटवला. टाळांची किणकिण तेवढी मेली, घुमारा जसाच्या तसा.

"गाणं ऐकाची खोली सांगतली होती," मास्तर म्हणाले, "तू तं पिठाची गिरणी लावून देली बे! या हप्त्यात नाही जमलं तं दुसरा मिस्त्री पाहतो."

पहिलंच काम दुसऱ्याकडे गेलं, तर मला इथं पुन्हा कोण बोलावणार? गाठोडं बांधून गावी जावं लागलं असतं.

मग घुमारा अडवायला दोन कोपऱ्यांसाठी छतापर्यंत उंच चौकटी केल्या आणि आतल्या कापडी खोळींत रुई भरायला मावशींना सांगितलं.

"सैल भरू ना?"

"नको, लग्नातल्या गादीसारखी कसून भरा."

लेकीला द्यायची गादी इकडे बोट रुतणार नाही इतकी घट्ट भरतात. मला वाटलं, जितकी घट्ट तितका आवाज अडेल. मावशी नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. चौकटी उभ्या राहिल्या, घुमारा हलला नाही.

खाली मान घालून मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. त्या आल्या, गाणं लावायला सांगितलं, खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, मग कोपऱ्यात.

"मधात कमी हाये. इथं पाह्य, कसं साचून राह्यलं." त्यांनी चौकटीत बोट खुपसून पाहिलं. "माहं बोट नाही जाऊन राह्यलं, बाबू. आवाज काऊन जाईन?"

अंगणात आम्ही खोळींची शिवण उसवली. त्यांनी रुई पुन्हा पिंजून आणली, सैल भरली आणि खाली बसू नये म्हणून मधे मधे टाके घातले. उरलेल्या रुईत बाकीचे दोन कोपरेही झाले.

गाणं लागलं. थाप पडली आणि तिथंच थांबली. मास्तर शब्द ऐकत डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "अन् आधी काय झालतं?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी बोलल्या, "म्याच चुकली. कसून भरली होती. पोराचं काम चांगलं हाये."

"इतके वर्ष गाद्या भरून बी?"

त्या हसल्या. मी खाली वाकून हत्यारं गोळा करत राहिलो.

त्यानंतर मास्तरांनीच मला आणखी दोन घरी कामाला धाडलं. मावशींना मात्र ते भेटतील तिथं चिडवतात. मावशी, मी इथं जरा पाय रोवले की तुम्हाला घेऊन मास्तरांकडे जाईन आणि तुमच्या देखत सांगेन, हट्ट माझा होता. तुमचं एवढं तरी मी फेडीनच.