चिंचेने घासलेला जॉब

गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत तुमचा फोन आला होता. मागे कसला तरी खर्र-खर्र आवाज येत होता आणि तुम्ही दोघे पुन्हा पुन्हा विचारत होता, आज्जी, हे काय वाजतेय? तेव्हा मी नंतर सांगते म्हणाले आणि राहून गेले. आता नीट सांगते.

खासबागच्या आपल्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आता एक कुटुंब राहते. गाव जांबोटीच्या बाजूचे. वडील उद्यमबागेत एका कारखान्यात कामाला आहेत, आई घर सांभाळते, आणि एकुलती एक मुलगी तेव्हा नववीत होती. तिने शाळेत टेक्निकल विषय घेतला आहे. ड्रॉइंग, मोजमाप आणि वर्कशॉप, असे सगळे त्यात येते. पुस्तक इंग्रजीत असल्यामुळे ती संध्याकाळी माझ्याकडे येते. मी तिला वाक्ये सोडवून देते आणि ती मला त्यातले लोखंड समजावून सांगते. माझी संध्याकाळ इतकी चांगली कित्येक वर्षांत गेली नव्हती.

तिच्या आईला मात्र हा विषय पसंत नव्हता. "पोरीच्या जातीनं कानस मारत बसायचं व्हय काकू? हात बघा तिचं, दगडागत झाल्यात," असे ती मला ऐकवायची. शेवटी घरात असे ठरले, की दसऱ्याच्या सुट्टीनंतर सर जॉब तपासतील. तो नीट बसला तर दहावीलाही टेक्निकल. नाही बसला तर विषय बदलायचा.

जॉब म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने करायची वस्तू. तिचा जॉब होता लोखंडी पट्टीच्या दोन तुकड्यांचा. एकाला चौकोनी खाच, दुसऱ्याला त्याच मापाचा दात. दात खाचेत बसला पाहिजे, उलटा फिरवला तरी बसला पाहिजे, आणि जोडून उजेडासमोर धरला तर फटीतून उजेड दिसता कामा नये. हे सगळे फक्त कानशीने घासून करायचे.

मागच्या पडवीत वडिलांनी एक वाईस बसवून दिला आहे. त्यात तुकडा घट्ट पकडून ती उभी राहायची. मी खुर्ची टाकून बघत बसे. कानस पुढे जाताना अंगाचा सगळा भार, मागे येताना अगदी हलकी. दोन-चार हात मारले की थांबायचे, फडक्याने पुसायचे, गुण्या लावून काटकोन बघायचा, आकाशाकडे धरायचे, आणि पुन्हा कानस. घाई म्हणून नाही. त्या वयात मला शिवणाचा एक टाकासुद्धा उसवायचा कंटाळा होता.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी जॉब पुरा झाला. तिने तो माझ्या खिडकीपाशी धरून दाखवला. केसाएवढासुद्धा उजेड आला नाही. मग तेल लावून तिने तो फडक्यात गुंडाळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी हत्यारांच्या पूजेला मी गेले, तर पाटावर वडिलांच्या पान्यांशेजारी, झेंडूच्या ओल्या फुलांखाली तो जॉब मांडलेला. तो तिच्या आईनेच मांडला होता; तोपर्यंत तिने त्याला बोटसुद्धा लावले नव्हते. "तिचं बी हत्यारच की वो हे," ती मला म्हणाली. मुलगी आईकडे बघतच राहिली. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

दसऱ्याला सोने वाटून झाल्यावर पूजा उचलली. थोड्या वेळाने मुलगी माझ्या दारात आली, मागे तिचे वडील. तिच्या तळहातावर जॉब होता आणि त्यावर तांबडे-काळे डाग. कडा खरखरीत झाल्या होत्या.

"आईनं देवाच्या तांब्यासंगं ह्याला बी चिंच लावून घासलंय. चकचकीत दिसावा म्हणून," ती हळू आवाजात म्हणाली. "आता पॉलिश पेपर मारला तर फट पडणार."

वडील चिडलेच. "थांब, इचारतोच तिला. कुणी सांगितलंतं हिला नसती उठाठेव?"

"न्हाय आप्पा. पहिल्यांदा हात लावलाय तिनं. काय बोलू नगासा."

"आनि शाळंत काय दाखवणार? चिंच?"

"पट्टी हाय न्हवं तुमच्याकडं आनि एक? सुट्टी संपायच्या आत करते की."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आवाज सुरू झाला. तोच तुम्ही ऐकलात.

आई चहा घेऊन पडवीत आली. "आता आनि काय घासालीस गं? झालाय न्हवं?"

"तो देवापुढं ऱ्हाऊ दे आई. शाळंला दुसरा."

"जोडीनं द्यायला सरांचं लगीन हाय व्हय?"

आम्ही सगळे हसलो, मुलगीसुद्धा. पण आई तिथेच बसली. रोज कामे आवरून बसू लागली. लेक दर वेळी फडक्याने पाणी-घाम टिपते, काम थांबवताना तेल लावते, हे ती बघत होती. एका दुपारी ती उठली, देवघरातला जुना जॉब घेऊन माझ्याकडे आली आणि डागावर बोट ठेवून तिने विचारले, "काकू, तांब्याला चालती ती चिंच लोखंडाला चालत न्हाय व्हय?"

मी म्हणाले, "नाही चालत."

ती माझ्या पायरीवर बसली. "आनि पोरगी एका शब्दानं बोलली न्हाय मला," एवढेच म्हणाली.

शाळा उघडली त्या सकाळी नवा जॉब तयार होता. मुलगी दप्तर भरत होती. आईने हात पदराला कोरडे पुसले, डोक्याला लावायच्या खोबरेल तेलाची बाटली आणली, जॉबला सगळीकडून तेल लावले आणि फडक्यात बांधून तिच्या हातात दिला.

"जा. आनि सरांना सांग, दहावीला बी हेच घेणार म्हणून."

"आधी सरांनी बघू तरी दे आई. बसला पायजे न्हवं?"

"बसतोय. मी बघितलाय सकाळी, उजेडाला धरून."

मुलीने मान खाली घातली आणि ती दप्तराचा पट्टा उगाचच ओढत राहिली. वडील आमच्याकडे पाठ करून गाडी पुसत होते, पुसून झालेली गाडी पुन्हा.

जुना जॉब अजून त्यांच्या देवघरात आहे. देवाची भांडी घासून झाली की आई त्याला कोरड्या फडक्याने पुसते आणि तेलाचे बोट लावते. आता फोनवर पुन्हा खर्र-खर्र ऐकू आले तर समजा, दहावीचा जॉब चालू आहे. तो याहून अवघड आहे म्हणे.