खरखर कोणाच्या घरची?

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचं, लायसन्स असलेली बाई म्हणून नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीत लोक मला हात जोडतात, पण आदराने नव्हे. माझी गच्चीवरची अँटेना त्यांना फक्त टॉवेल वाळत घालायला आवडते.

त्या आठवड्यात रेडिओत मेली अशी खरखर शिरली की बाकी काही ऐकूच येईना. आणि रविवारी सकाळी सातला मला कोल्हापूरचे सर ऐकू यायलाच हवे होते. मला मोर्स शिकवलं ते त्यांनी. आता नव्वदीला टेकलेत, ठार बहिरे. फोनचा उपयोग शून्य. पण स्पीकरवर बोट ठेवलं की थरथरीवरून टिंबं-रेघा त्यांना अजून अचूक कळतात. सोमवारी ते कायमचे लेकीकडे निघणार होते आणि तिथे अँटेनाला मनाई. म्हणजे हा शेवटचाच रविवार.

शनिवारी सकाळी मी ओढणी कमरेला बांधली. पहिली झडती आपल्या घराची, हा नियम. रेडिओ बॅटरीवर लावला, मेन स्विच खाली ओढला. खरखर तशीच!

"बघा, आपलं घर सुटलं," असं नवऱ्याला ऐकवून मी छोटा ट्रान्झिस्टर घेऊन जिना उतरले. त्यात स्टेशन लावायचं नाही, नुसती खरखर ऐकायची. जिथे वाढेल तिथे चोर. ती खालच्या वहिनींच्या दाराशी वाढली.

"वहिनी, टीव्ही बंद करता का जरा?"

केला. मग फ्रिज, चार्जर, पंखा. त्यांच्या सासूबाई उकाड्याने कावल्या. समोरच्या काकांनी तर डास मारायची बॅट आपण होऊन हवाली केली. "हीच असणार. माझा हिच्यावर आधीपासून डोळा आहे." तीन मजले बंद पडले, खरखर मजेत! माझं डोकंच फिरलं. "कोणीतरी खोटं बोलतंय!" मी जिन्यात ओरडले.

काका शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडे कसला उजेड दिसतोय?"

आमच्या उघड्या दारातून देवघरातली दिव्यांची माळ लुकलुकत होती. नवऱ्याने त्याच आठवड्यात हौसेने आणलेली. अगं बाई, इन्व्हर्टर! मेन बंद केला तरी तो चालूच. वीज गेलेली कळू नये म्हणून आम्हीच बसवलेला. धावत जाऊन माळ उपटली. शांतता! सगळ्या घरांच्या वायरी जिन्यातूनच जातात, म्हणून माझीच खरखर साऱ्यांच्या दाराशी.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," वहिनींच्या सासूबाई पदराने वारा घेत म्हणाल्या. मी सगळ्यांची माफी मागितली आणि चहा पाजला.

रविवारी सातला सर आले, अगदी स्वच्छ. गेल्या खेपेला मी 'खरखर आहे, शोधते' एवढंच पाठवलं होतं. त्यांचा पहिला प्रश्न: सापडली? मी सगळं सांगितलं, बॅटसकट. मग चार टिंबं, दोन टिंबं. मोर्समध्ये हसण्याची ही खूण. पुन्हा चार, दोन. पुन्हा. थांबेचनात! मीही खो खो हसत होते आणि डोळ्यांतून धारा.

नवरा घाबरून आत आला. "काय म्हणतायत सर?"

"हसतायत हो, नुसते हसतायत!"

ऊन चढलं की दूरचे सिग्नल विरतात, तसा हसता हसताच त्यांचाही सिग्नल बारीक होत गेला आणि मग ऐकू येईनासा झाला. निरोपाच्या चार ओळी मी कागदावर लिहून ठेवल्या होत्या. त्या पाठवायच्या राहिल्याच.