दहा नंबरचे बूट

घंटाबाईंच्या दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर काळ्या बुटांचा एक जोड असायचा. तो विकायचा नव्हता, दुरुस्तीलाही आलेला नव्हता. दर शनिवारी बाई स्टुलावर चढून तो खाली काढायच्या, पॉलिश करायच्या आणि परत वर ठेवायच्या. कुणी विचारलंच, तर ओठांत धरलेले खिळे न काढता म्हणायच्या, "लोकांचे आहेत."

दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट, वर पत्रा टाकलेली. आत ऐरण, रापी, आरी, चामड्याचे तुकडे आणि एक बाई एवढंच मावायचं. दुसरं गिऱ्हाईक आलं की पहिल्यानं रस्त्यावर उतरायचं. आठवडाभर बाई लोकांचे सोल बदलायच्या आणि रविवारी चर्चच्या मनोऱ्यात जाऊन घंटा वाजवायच्या. ते काम वडिलांकडून आलेलं. नावही तिथूनच पडलं.

त्यांचा थोरला सैन्यात होता. आधी बातमी आली, मग सील केलेली शवपेटी आली आणि पेटीमागून एका पुडक्यात हे बूट. पेटी उघडायची नाही, असा हुकूम होता. पुडकं मात्र बाईंनी सोडलं. पोराच्या पायाला आठ नंबर लागायचा. हे दहाचे होते.

ते काखोटीला मारून बाई सैन्याच्या कचेरीत गेल्या. तिथला अधिकारी सौम्यपणे म्हणाला, "बाई, धक्का बसला की माणसाला असं काहीबाही वाटतं."

"धक्का मला बसलाय, साहेब. त्याचा पाय कशानं वाढला?"

त्यानं पाणी मागवलं. बाईंनी ग्लासला हात लावला नाही. पेटी उघडा, एवढंच म्हणत राहिल्या. पेटी उघडली नाही. ती तशीच पुरली, आणि त्या दिवशीही घंटा बाईंनीच वाजवली. कुणाची माती असली की घंटेच्या लोलकाला एका बाजूनं चामड्याची गादी बांधतात. मग एक ठोका स्वच्छ पडतो आणि पुढचा दबलेला, कुणी तोंडावर हात ठेवावा तसा.

पेटीत कोण होतं, हे त्यांना कधीच कळलं नाही. कुठेतरी एक आई आठ नंबरचे बूट घेऊन बसली असेल, हेही डोक्यातून जाईना. म्हणून ते पॉलिश.

लोक म्हणायचे, बाईंची श्रद्धा उडाली. उडाली नव्हती. देवाशी बोलणं रोज चालू होतं, फक्त सूर भांडणाचा होता. त्यांना चीड होती ती 'बलिदान' या शब्दाची. सैन्यात भरती झालेल्या मुलामुलींना निरोप द्यायला चर्चमध्ये दरवर्षी खास उपासना व्हायची. वेदीजवळ थोरल्याचा फोटो लागायचा आणि पाळकसाहेब सांगायचे, देवानं आपला एकुलता एक पुत्र दिला, तसा या माउलीनं आपला दिला. बाई वर मनोऱ्यात दोर धरून ऐकायच्या. "मी कुठं दिला? घेऊन गेले!" हे त्या दोरालाच सांगायच्या.

यंदा निरोप घेणाऱ्यांच्या रांगेत त्यांची धाकटी मुलगी होती.

"दादाचं काय झालं, ते बाहेर बसून कुणी सांगणार नाही, आई. आत जाऊन विचारते."

"आत गेलेला अजून बाहेर आला नाही, बये. आधी त्याला येऊ दे."

"मग काय करू? तुझ्यासारखी पॉलिश करत बसू?"

बाईंनी रापी अशी आपटली की समोरचा घड्याळवाला दारात आला आणि तसाच आत गेला. धाकटीनं सैन्याकडून मिळालेले नवे बूट आईपुढे सरकवले. "टाचेला चावतायत. जरा सैल करून दे."

निरोपाच्या रविवारी घंटा वाजायला लागली आणि चर्चच्या दारातली माणसं थबकली. एक ठोका स्वच्छ, एक दबलेला. पाळकसाहेब झगा सावरत मनोऱ्याचा जिना चढले. वर पोहोचेपर्यंत त्यांच्या छातीचा भाता झाला होता.

"अहो बाई, ही मयताची घंटा! आज पोरांना आशीर्वाद द्यायचाय."

"तोच देतेय. एक ठोका जाताना, एक येताना."

"तुमचं दुःख मला कळतं..."

"दुःख राहू द्या. माझ्या पोराची देवाच्या पुत्राशी बरोबरी करता ना? मग पुरती करा. योसेफानं जाऊन येशूचा देह मागितला, तर क्रुसावर चढवणाऱ्या पिलातानं देऊन टाकला. पिलातानं, पाळकसाहेब! त्याच्या आईला खिळ्यांच्या खुणा तरी बघता आल्या. आणि तिचा तिसऱ्या दिवशी उठला. माझ्याकडे दहा नंबरचे बूट आले!"

"श्रद्धा ठेवा, बाई."

"श्रद्धा नसती तर इतकी वर्षं भांडले कुणाशी असते? तुमच्याशी?"

पाळकसाहेबांनी भिंतीला हात टेकला. "मी काय करू, सांगा."

"फोटो उतरवा. आणि सगळ्यांसमोर सांगा, पेटीत कोण होतं ते आपल्याला माहीत नाही म्हणून."

फोटो उतरला. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली नाही. बाई प्रवचनभर त्या एका वाक्यासाठी कान देऊन उभ्या राहिल्या. शेवटी लोलकाचं चामडं न सोडताच त्यांनी पुन्हा दोर ओढला.

दुसऱ्या दिवशी धाकटी निघाली. बूट पायात घालताना त्याच्या जिभेच्या आतल्या बाजूला तिच्या बोटांना काहीतरी लागलं. आरीनं टोचून काढलेली घंटा होती, नखाएवढी. दुसऱ्या बुटातही तशीच.

"हे काय गं?"

"खूण. या वेळी कुणी भलताच जोड आणून दिला, तर त्याच्या तोंडावर फेकायला."

धाकटीनं नाड्या बांधल्या. बराच वेळ बांधत बसली. मग उठून स्टुलावर चढली आणि वरच्या फळीवरचा जोड खाली घेतला.

"हे नेते मी. कुणाचे आहेत ते शोधते."

बाईंनी जोड तिच्या हातातून हिसकावला. ती काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांनी फडकं घेऊन बुटांवरची धूळ पुसली, नाड्यांची गाठ मारून ते तिच्या पिशवीत कोंबले आणि पॉलिशची डबी वर टाकली.

"त्या पोराची आई सापडली तर तिच्या हातात दे. साहेबांच्या नाही. आणि नाही सापडली तर परत आण." त्यांचा आवाज चढला. "स्वतः आण. कुणाच्या हाती पाठवायचे नाहीत. कळलं?"