नागपूरची शिष्यवृत्ती

बाईंना कुणी 'नाही' म्हटलं की त्या उठून जात नसत. पदर सावरून तिथंच बसत आणि म्हणत, "बरं, पुरं नाई तर नाई. थोडं काय जमते ते सांगा." भाजीवाली असो की शाळा तपासायला आलेले साहेब, समोरच्याला शेवटी काहीतरी सोडावंच लागे. मी चांद्याच्या मुलींच्या शाळेत नवी लागले तेव्हा बाई चाळिशीला आल्या होत्या आणि वकिली शिकायचं म्हणत होत्या. इतर शिक्षिका त्यांच्या माघारी त्यांना 'वकीलसाहेब' म्हणून हसायच्या.

ती हौस नव्हती. त्यांचे यजमान, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, आलापल्लीच्या जंगलाकडे एका ठेकेदाराच्या लाकूडडेपोत कामाला होते. रचलेल्या थप्पीतून सागाचा ओंडका घरंगळत अंगावर आला आणि भाऊंचं कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. नुकसानभरपाईच्या दाव्यात ठेकेदारानं सांगितलं की हा माणूस त्या दिवशी कामावर नव्हताच. बाईंचा वकील गप्प उभा राहिला. दावा गेला. "त्यानं तोंडच उघडलं नाई," बाई सांगायच्या. "मले कायदा येत असता तर मी बोलली असती."

मग शाळा आणि भाऊंचं खाटेवरचं सगळं सांभाळून त्या बाहेरून बी.ए. झाल्या. भाऊंची पाठ पुसता पुसता त्या पाठांतर म्हणायच्या. चुकल्या की भाऊ पालथे पडल्या पडल्याच ओरडत, "चुकलीस!" आणि दोघंही हसत. त्या घरात मी हसणं ऐकलं ते एवढंच.

वकिलीचं कॉलेज मात्र नागपूरलाच होतं. तिथं गरजूंसाठी कुणा दानशूरानं ठेवलेली शिष्यवृत्ती होती. ती मागायला बाई निघाल्या आणि सोबतीला मला घेतलं.

प्राचार्य सज्जन होते. त्यांनी आधी वय विचारलं. "शिष्यवृत्ती तरुणांसाठी आहे, बाई. त्यांच्यापुढे सगळं आयुष्य असतं."

"माह्यापुढं कमी आहे, म्हणून तर घाई आहे जी."

ते हसले. बाईंचे गुण पाहिले, दावा कसा गेला ते ऐकलं आणि वयाची अट आपण बघून घेऊ म्हणाले. "पण नागपुरात राहावं लागेल. रोजची हजेरी लागते."

"मग अर्धीच द्या. शनिवार-रविवार येत जाईन, सुट्ट्यांत रोज येईन. चांदा मले सोडता येत नाई."

"यजमानांना इथं आणा."

"नोकरी सोडून आणू? मग त्यायले खाऊ काय घालू?"

प्राचार्यांनी बाईंचे कागद नीट लावून परत दिले. अखेर म्हणाले, "ज्या दिवशी नागपुरात राहू शकाल त्या दिवशी या. पूर्ण शिष्यवृत्ती देईन. हा माझा शब्द. याहून जास्त माझ्या हातात नाही."

परतीच्या गाडीत माजरी स्टेशन मागे पडलं तशी बाईंनी कागद पिशवीत घातले. मग म्हणाल्या, "वय सोडलं त्यायनं. गाव नाई सोडलं."

घरी भाऊ वाट पाहत होते. "काय म्हणाले?"

"वय चालते म्हणाले."

"आन् इथून जाणं-येणं?"

बाई चूल पेटवायला आत गेल्या. भाऊंनी मला विचारलं नाही. नुसतं छपराकडे पाहत राहिले.

दिवाळीनंतर भाऊंनी जेवण कमी केलं. भूक नाही म्हणायचे. डॉक्टरांना दुखणं सापडेना. पुढे पुढे बाईंनी घास पुढे केला की ते ओठ मिटून घ्यायचे. मी शेजारीच राहत होते, भिंतीपलीकडून ऐकू यायचं. "चार घ्या. बरं, दोन घ्या. एक तरी घ्या ना जी, माह्यासाठी." भाऊंचा आवाज येत नसे. एकदाच आला. "तुह्यासाठीच तर करून राह्यलो."

थंडी सरायच्या आत भाऊ गेले.

भेटायला येणाऱ्या बाया सांत्वन म्हणून म्हणायच्या, "सुटले बिचारे. तुमीबी मोकळ्या झाल्या." बाई त्यांना पाणी द्यायच्या. जूनमध्ये त्यांनी ट्रंक भरली. स्टेशनवर मला म्हणाल्या, "गेली तर त्यायनं केलं ते बरोबर ठरते. नाई गेली तर ते उगाच गेले. सांग, काय करू?" मी ट्रंक उचलली. गाडी आली आणि त्या चढल्या.

बाई वकील होऊन चांद्यालाच परत आल्या. शाळेनं सत्कार ठेवला. नागपूरच्या शिष्यवृत्तीमुळे आपल्या बाईंचं भाग्य उजळलं, असं मुख्याध्यापिका बोलल्या. बाई उत्तराला उभ्या राहिल्या. "मले शिष्यवृत्ती नागपूरनं नाई दिली," त्या म्हणाल्या, "घरानं दिली." एवढं बोलून त्या खाली बसल्या.

लोकांना तो नम्रपणा वाटला. टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या.