आशाबाईंच्या हातची चिठ्ठी

हर्सूलच्या वाचनालयात एक रीत होती. परत आलेलं पुस्तक आता कोणत्या मुलानं वाचावं, ते ग्रंथपाल आप्पासाहेब ठरवत आणि त्याच्या नावाची चिठ्ठी पुस्तकाच्या मागच्या खिशात घालून ठेवत. पोलिस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याला बारा वर्षं झाली होती. मराठी पुस्तकं हौसेनं हाती धरणारी ही गावातली पहिलीच पोरं. आपलं नाव निघालं की ती हरखून जात.

झाडलोट करणाऱ्या आशाबाईंना अक्षरओळख आप्पासाहेबांनीच करून दिली, तीही पस्तिशीत. त्यांच्या जुन्या चिठ्ठ्या गिरवून गिरवून बाई लिहायला शिकल्या. आप्पासाहेब वारले आणि वाचनालयाची किल्ली बाईंकडे आली.

महिन्याभरानं एका पुस्तकात ताजी चिठ्ठी निघाली. आठवड्यात आणखी तीन. अक्षर आप्पासाहेबांचं. "मेलेला म्हातारा नावं काढतोय," असं गावभर झालं आणि पोरं यायची थांबली.

बाईंनी स्वतःची नोंदवही उघडून चिठ्ठीशेजारी धरली. वेलांटीचा झोकसुद्धा तोच होता. पण चिठ्ठ्या लिहिल्याचं काही केल्या त्यांना आठवेना.

पाचवी चिठ्ठी बिरू धनगराच्या लेकीची, बानाची. शाळा सुटली की बाना मेंढरं घेऊन यायची आणि खिडकीतून पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचत उभी राहायची. हीसुद्धा घाबरली, तर इथं पुन्हा कुणी फिरकणार नाही, हे बाईंना कळत होतं. रविवारी भर दुपारी त्या पुस्तक घेऊन तळ्याकाठी, बिरूच्या पालावर गेल्या.

"नाय बाई," बिरू म्हणाला. "मेलेल्या माणसाचं बोलावणं आमी घेत नाय."

"अरे, ती चिठ्ठी मीच लिहिलीय."

"तुमी? कालपरवापर्यंत अंगठा लावत व्हता की!"

"मग लिहूनच दाखवते."

बाईंनी मांडीवर पुस्तक ठेवलं, त्यावर कोरा कागद घेतला आणि बानाचं नाव लिहिलं. बानानं आपली चिठ्ठी त्याला लावून बघितली.

"आबा, सारखंच हाय. लई सारखं."

बिरूनं सुस्कारा सोडला. बाईंचा हात मात्र थांबला नव्हता. त्यांनी खाली बघितलं, तेव्हा दुसरी ओळ पुरी झाली होती.

"आन् हे काय लिवलं?" बिरूनं विचारलं.

बाना वाचू लागली, "नंतर... राजाबाई बिरू."

झोळीत अकरा दिवसांची पोर झोपली होती. बारसं उद्या होतं. तिला आपल्या आईचं, राजाबाईचं नाव द्यायचं, हे बिरूनं अजून बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्यानं झोळीला हलकेच झोका दिला. मग हळूच म्हणाला, "बाने, घे ते पुस्तक. बारकीला वाचून दावाया तूच लागशील."

बाईंनी पुस्तक पुढं केलं, बानानं ते धरलं. पण पुस्तक सुटेना. बाईंना आपल्या उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं एकेक करून उकलावी लागली.